दोष काढावा, झाकू नये

धान्याच्या ठोक व्यापाऱ्याने मोटारीच्या किल्लीवर लेख लिहावा, हे पाहून आमच्या सभासद बंधुभगिनींस थोडे नवल वाटेल. ज्वारीची आवक, तांदळाची प्रत, आडतीचे दर अथवा उधारीचे दुखणे यांपैकी एखादा विषय आम्ही घ्यावा, अशी संपादक मंडळाची अपेक्षा होती आणि ती रास्तच होती. परंतु आमच्या घरी एक लहानशी घटना घडली व तिने आम्हांस असे काही शिकविले की, ते स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवल्यावाचून राहवेना. मोटारीचा इग्निशन स्विच, म्हणजे ज्यात आपण किल्ली घालून फिरवितो तो खटका, बिघडला असता त्याची दुरुस्ती घरी करावी काय, हा प्रश्न वरवर पाहता गॅरेजमधील मिस्त्रीचा आहे. आमच्या मते तो गृहस्थाचा आहे आणि व्यापाऱ्याचा तर विशेषच आहे.

प्रथम घडले ते सांगतो. सन २०२३ च्या डिसेंबरात एका लग्नासाठी आम्ही बेळगावहून चोर्ला घाटाच्या मार्गाने गोव्याकडे निघालो होतो. गाडी जुनी, सन २००९ मध्ये घेतलेली, परंतु इमानी. चिरंजीव चालवीत होते, आम्ही शेजारी बसलो होतो. मागे सूनबाई, नातू आणि आमचे कुटुंब. घाट उतरू लागल्यावर एका वळणावर रस्ता थोडा उखडलेला होता. चाक खड्ड्यात गेले, गाडीस हिसका बसला आणि यंत्र एकाएकी बंद पडले. डॅशबोर्डवरचे दिवे मावळले, स्टिअरिंग दगडासारखे जड झाले. उतार असल्याने गाडी मात्र चालतच होती. चिरंजीवांनी प्रसंगावधान राखून ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरला व दोन्ही हातांनी जोर लावून गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. मागून येणारा भरलेला ट्रक भोंगा वाजवीत हातभर अंतरावरून निघून गेला. गाडीत कोणी काही बोलले नाही. नातवाने तेवढे विचारले, “आजोबा, आपण पोहोचलो का?”

किल्ली थोडी हलविली, पुन्हा फिरविली, गाडी सुरू झाली. आम्ही लग्नास वेळेवर पोहोचलो आणि तेथे कोणासही काही सांगितले नाही. कारण उघड होते. हा दोष आम्हांस नवा नव्हताच. गेले चार महिने किल्ली फिरविल्यावर कधी सेल्फ लागे, कधी लागत नसे. कधी सुरू झालेली गाडी किल्लीवरून हात काढताच बंद पडे. किल्ली जरा डावीकडे दाबून धरली म्हणजे भागते, अशी युक्ती घरातील सर्वांस पाठ झाली होती. दोषाची सवय झाली की तो दोष वाटेनासा होतो, हा अनुभव दुकानात आम्ही शंभर वेळा घेतला आहे. तो घरच्या गाडीत मात्र ओळखला नाही.

परत आल्यावर गाडी एका गॅरेजात नेली. तेथील मिस्त्रीने दोन मिनिटे किल्ली खालीवर करून पाहिली व दोन मार्ग सांगितले. किल्लीचा पुरा संच कुलपासकट बदलावयाचा तर पाच हजारांच्या पुढे खर्च. नाहीतर दोन तारा बाहेर काढून डॅशबोर्डखाली एक बटण बसवून देतो, साडेतीनशे रुपयांत काम भागेल. बटण दाबा, गाडी सुरू. किल्लीच्या स्विचचे नावच नको. व्यापाऱ्याचे मन कोठे झुकेल हे सांगावयास नको. आम्ही दुसऱ्या मार्गास मान डोलावून घरी आलो व जेवताना ती हकीकत आनंदाने सांगितली. तेव्हा आमच्या घरातून एकच प्रश्न आला: “म्हणजे दोष काढला की झाकला?”

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या वडिलांनी पेढीवर आम्हांस हाच प्रश्न केला होता. ओल लागलेली चार पोती आम्ही थप्पीच्या तळाशी सारून वर कोरडी पोती रचली होती. ओल झाकली गेली. आठ दिवसांनी वरच्या पोत्यांसही वास येऊ लागला. बटणाचा बेत आम्ही त्याच रात्री सोडून दिला.

आमचे धाकटे पुतणे विद्युत शाखेचा डिप्लोमा करीत आहेत. ते म्हणाले, “अण्णा, आधी दोष कोठे आहे ते पाहू. न पाहता संचही बदलू नका आणि बटणही बसवू नका.” पुढील रविवारी आम्ही दोघांनी अंगणात गाडी उभी करून कामास सुरुवात केली. त्या दिवशी जे समजले ते येथे क्रमाने देतो. कारण हे ज्ञान फारसे अवघड नाही आणि ते नसल्यामुळेच आपण फसतो.

जुन्या काळी मोटार सुरू करणे हे अंगमेहनतीचे काम होते. आमच्या लहानपणी जुन्या ॲम्बॅसडर गाडीस पुढून लोखंडी हँडल घालून फिरविताना आम्ही पाहिले आहे. उलटा झटका बसला तर मनगट मोडावयाचे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग या यंत्रज्ञाने तयार केलेला विजेचा स्टार्टर सन १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला आणि हँडलची गरज कमी झाली. पुढे सन १९४९ मध्ये क्रायस्लर कंपनीने नुसती किल्ली फिरवून यंत्र सुरू होईल अशी सोय केली. त्या दिवसापासून मोटारीचा कारभार या एका लहानशा खटक्याच्या हाती आला, असे म्हणावयास हरकत नाही.

या खटक्याचे दोन भाग असतात. पुढचा भाग म्हणजे कुलूप. त्यात किल्ली जाते. मागचा भाग म्हणजे खरा विजेचा स्विच. त्यात तांब्याचे संपर्क आणि स्प्रिंगा असतात. बॅटरीकडून एक जाड तार या स्विचात येते व तेथून वीज वाटली जाते. किल्लीच्या पहिल्या टप्प्यावर सर्व बंद आणि स्टिअरिंग जखडलेले. दुसऱ्यावर रेडिओसारखी किरकोळ साधने. तिसऱ्यावर यंत्रास ठिणगी व इंधन पुरविणारी व्यवस्था. आणि चौथ्यावर, किल्ली दाबून धरली असेतोवर, सेल्फ. पेढीवर मुनीम जसा आलेला पैसा निरनिराळ्या खात्यांत वाटतो, तसेच या स्विचाचे काम. मुनीम आजारी पडला तर तिजोरी भरलेली असूनही देणी थकतात.

म्हणून दोष शोधताना तिजोरीपासून आरंभ करावा. आम्ही प्रथम बॅटरी मोजली. स्वस्थ स्थितीत भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखविते. आमची तेवढे दाखवीत होती. नंतर तिच्या टोकांवरील पांढरी बुरशी कोमट पाण्याने धुऊन टोके घट्ट केली व यंत्राच्या सांगाड्यास जोडलेली अर्थिंगची तार तपासली. बहुसंख्य गाड्यांचा ‘स्विचचा दोष’ येथेच संपतो, असे पुतण्यांचे म्हणणे. त्यानंतर फ्यूज पाहिले. ते शाबूत होते. मग हेडलाइट लावून किल्ली फिरविली. सेल्फ न लागता दिवे प्रखरच राहिले, याचा अर्थ बॅटरीत जोर आहे, परंतु तो सेल्फपर्यंत पोहोचत नाही. शेवटी गाडी सुरू करून किल्ली हलकेच इकडे तिकडे हलविली. त्याबरोबर डॅशबोर्डवरचे दिवे लुकलुकले. चोर येथे सापडला.

पुराव्याशिवाय आरोप करू नये म्हणून पुतण्यांनी मल्टीमीटर लावला. स्विचात येणाऱ्या तारेवर बारा व्होल्ट, आणि भार असताना बाहेर जाणाऱ्या तारेवर जेमतेम नऊ. आम्हांस विजेचे शास्त्र कळत नाही, पण हिशेब कळतो. गुदामात शंभर पोती आली आणि बाहेर पंचाहत्तरच गेली, तर गळती गुदामातच आहे, हे समजावयास डिप्लोमा लागत नाही.

स्विच उघडण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून बाजूस बांधून ठेवली. ही पहिली आणि न चुकवावयाची पायरी आहे. स्टिअरिंगच्या दांड्याभोवतीचे प्लॅस्टिकचे आवरण तीन स्क्रू काढताच सुटले. मागच्या बाजूस तारांचा कपलर होता. तो ओढण्याआधी पुतण्यांनी आपल्या फोनवर छायाचित्र काढून घेतले; आम्ही कागदावर तारांचे रंग लिहून घेतले. नंतर दोन लहान स्क्रू काढून विजेचा भाग हातात आला. कुलपास आम्ही हात लावला नाही. त्यात काही दोषही नव्हता. म्हणजे पाच हजारांचा पुरा संच बदलण्याची मुळी गरजच नव्हती, आणि बटणाचीही नव्हती.

आत पाहिले तो तांब्याचा एक संपर्क काळा पडून त्यास खड्डा पडलेला, आणि त्याभोवतीचे प्लॅस्टिक करपून तपकिरी झालेले. येथे आमच्याकडून एक चूक झाली, ती लपवीत नाही. आम्हांस काटकसर सुचली. बारीक पॉलिश पेपरने तो संपर्क घासून लखलखीत केला, सर्व पूर्ववत बसविले आणि गाडी झकास सुरू झाली. पुतणे नको म्हणत होते. आम्ही ऐकले नाही. नवव्या दिवशी गाडी पुन्हा बाजारपेठेत रविवार पेठेच्या तोंडाशीच बंद पडली व मागे हातगाड्यांची रांग लागली. घासण्याने काजळी जाते. झिजलेले तांबे परत येत नाही आणि उष्णतेने मऊ झालेल्या स्प्रिंगेस पूर्वीचा ताण येत नाही. घासणे हेही झाकणेच होते, फक्त ते आम्ही स्वतःच्या हाताने केले एवढेच. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीसाठी बनविलेला नवा स्विच सातशे रुपयांच्या आत आणून बसविला. मीटर लावला, आत बारा आणि बाहेरही जवळजवळ बाराच. त्या दिवसापासून तक्रार नाही.

परंतु स्विच जळला का? हा प्रश्न आम्ही सोडला असता, तर नवा स्विचही काही वर्षांत जळाला असता. कारणे शोधता तीन निघाली, आणि तिन्ही आमचीच. पहिले असे की, आम्ही हौसेने मोठा भोंगा आणि जादा दिवे बसवून घेतले होते व त्यांची वीज रिले न घालता याच स्विचातून घेतलेली होती. एका हमालाच्या पाठीवर तीन पोती टाकण्याचाच हा प्रकार. दुसरे असे की, गाडीच्या किल्लीबरोबर त्याच कडीत गुदामाच्या दोन, दुकानाच्या शटरची एक, तिजोरीची एक आणि घराच्या दोन, अशा किल्ल्यांचा जुडगा लोंबत असे. रस्त्याच्या प्रत्येक हिसक्याबरोबर ते सारे ओझे त्या खटक्यास वर्षानुवर्षे ओढीत होते. तिसरे कारण म्हणजे चार महिने आम्ही दोषाकडे केलेला काणाडोळा. आमच्या सभासदांपैकी किती जणांच्या खिशात असा जुडगा आहे, हे प्रत्येकाने हा लेख वाचताना पाहावे.

किल्ल्यांच्या जुडग्याची ही गोष्ट कोणास क्षुल्लक वाटेल. म्हणून अमेरिकेत घडलेले एक प्रकरण सांगतो. ते जगजाहीर आहे आणि व्यापाऱ्याने तर ते अवश्य ध्यानात ठेवावे असे आहे. जनरल मोटर्स या बलाढ्य कंपनीच्या शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन वगैरे गाड्यांतील इग्निशन स्विच ठरविलेल्या मापापेक्षा ढिला होता. किल्ली ‘चालू’ टप्प्यावर धरून ठेवणारी आतील खिट्टी व स्प्रिंग कमजोर होती. जुडग्याच्या भाराने अथवा गुडघ्याच्या धक्क्याने किल्ली आपोआप मागे सरके, धावती गाडी बंद पडे, स्टिअरिंग व ब्रेक जड होत, आणि सर्वांत वाईट म्हणजे वीज तुटल्यामुळे अपघाताच्या क्षणी एअरबॅग उघडत नसे. आमच्या घाटातील प्रसंगात दोष वेगळा होता, जळालेल्या संपर्काचा; परंतु परिणामाची वाट तीच.

या ढिलेपणाची पहिली चाहूल कंपनीतील यंत्रज्ञांस सन २००१ मध्येच लागली होती. तरीही गाड्या विकल्या गेल्या. प्रत्येक स्विचामागे दुरुस्तीचा खर्च एका डॉलरपेक्षाही कमी होता, असे पुढे अमेरिकन काँग्रेसच्या चौकशीत पुढे आले. सन २००६ मध्ये स्विचाच्या रचनेत सुधारणा करण्यात आली; परंतु सुधारलेल्या मालाचा क्रमांक मात्र जुनाच ठेवला गेला. माल बदलला आणि मार्का तोच राहिला. त्यामुळे जुन्या गाड्यांत अपघात का होतात व नव्यांत का होत नाहीत, याचा उलगडा अनेक वर्षे होईना. जॉर्जिया राज्यात सन २०१० मध्ये एक तरुणी अशा अपघातात मरण पावली. तिच्या आईवडिलांनी दावा लावला. त्यांच्या बाजूच्या तज्ज्ञाने त्या गाडीतील स्विच आणि बाजारातून आणलेला नवा स्विच शेजारी शेजारी ठेवून उघडले, तेव्हा एकाच क्रमांकाच्या दोन वस्तू आतून निराळ्या असल्याचे दिसले. एका माणसाने दोन वानग्या समोर ठेवून पारखल्या आणि एवढे मोठे प्रकरण उघडकीस आले.

फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने गाड्या परत बोलाविण्यास आरंभ केला. या स्विचापायी परत बोलाविलेल्या गाड्यांची संख्या सुमारे २६ लाख झाली. दुरुस्ती होईपर्यंत किल्लीच्या कडीत दुसरे काहीही अडकवू नका, असे मालकांस सांगण्यात आले. कंपनीने नेमलेल्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंबाबतचे दावे मान्य केले. सप्टेंबर २०१५ मध्ये सरकारशी झालेल्या समझोत्यात कंपनीस ९० कोटी डॉलर भरावे लागले. जे काम काही सेंटांत झाले असते, त्याची ही किंमत. आणि गेलेल्या जीवांची किंमत तर कोणत्याच वहीत मांडता येत नाही.

या प्रकरणाकडे बोट दाखवून आपण स्वतःस शहाणे समजू नये. आमच्या त्या चार महिन्यांत आणि त्या कंपनीच्या तेरा वर्षांत फरक केवळ आकाराचा आहे. दोष माहीत होता, उपाय स्वस्त होता, आणि ‘अद्याप काही झाले नाही’ या एका वाक्यावर सर्व चालले होते. आमच्या बाबतीत तो ट्रक हातभर अंतरावरून गेला, यात आमचा काही मोठेपणा नाही.

आता आमचे मत स्पष्ट सांगतो. व्यापारी कुटुंबाने आपल्या गाडीचा दोष ओळखण्याचे काम घरी करावे. दुरुस्तीपैकी जे झेपेल ते घरी करावे. आणि जे झेपणार नाही ते जाणत्या माणसाकडून, परंतु समजून उमजून, करून घ्यावे. काही सुज्ञ मंडळी म्हणतील की, ज्याचे काम त्याने करावे. तांदळाची पारख मिस्त्री करीत नाही, तर स्विचची पारख आपण का करावी? हा आक्षेप आम्ही आदराने ऐकतो, पण तो अर्धाच खरा आहे. पारख आणि काम या दोन गोष्टी आहेत. गिरणी आपण चालवीत नाही, तरीही भरडून आलेल्या मालाची मूठ हातावर घेऊन पाहतोच ना? जो पाहत नाही त्यास गिरणीवाला जे देईल ते घ्यावे लागते. मिस्त्री लबाड असतात असे आमचे म्हणणे मुळीच नाही. गिऱ्हाइकास काही कळत नाही आणि त्यास स्वस्त हवे, हे पाहिल्यावर मिस्त्रीही झाकण्याचाच उपाय पुढे करतो. बटणाचा सल्ला त्याने दिला, परंतु मान आम्ही डोलाविली होती.

त्या बटणाबद्दल दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडील जुन्या गाड्यांत व टेम्पोंत ते सर्रास दिसते. स्विच टाळून ओढलेल्या तारेत पुष्कळदा फ्यूज नसतो. ती तापली तर आग लागण्यास वेळ लागत नाही, आणि आपल्या गाड्यांत बारदानासारखा माल असतो. बटण चोराच्या बोटानेही दबते. स्टिअरिंगचे कुलूप मोडून किंवा अर्धवट ठेवून बटण बसविले असेल, तर ते धावत्या गाडीत अडकण्याचे भय राहते. अपघात झाला तर अशा जोडणीबद्दल विमा कंपनी प्रश्न विचारल्यावाचून राहणार नाही. साडेतीनशे रुपयांत हे सर्व विकत घ्यावयाचे काय, याचा प्रत्येकाने हिशेब करावा.

तितक्याच आग्रहाने आम्ही मर्यादाही सांगतो. घरी करावयाचे म्हणजे सर्वच करावयाचे नव्हे. बॅटरीची टोके, अर्थिंग, फ्यूज, दोषाचा शोध, आणि आमच्यासारख्या जुन्या साध्या गाडीत मागचा विजेचा भाग बदलणे, येथवर सावध माणसाने जावे. स्टिअरिंगचे कुलूप ज्या बोल्टांनी बसविलेले असते त्यांची डोकी पुष्कळ गाड्यांत मुद्दाम तुटणारी केलेली असतात. तेथे हात घालू नये. किल्लीत चिप असलेल्या गाडीस नवी किल्ली ओळखून देण्याचे काम यंत्रावर करावे लागते. ते घरी होण्यासारखे नसते. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झालेली आहे. अशा गाडीचे स्टिअरिंग घरी खोलू नये आणि पिवळ्या रंगाच्या जोडण्यांस तर स्पर्शही करू नये. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर स्क्रूसुद्धा फिरवू नये. अलीकडच्या बटणावर सुरू होणाऱ्या गाड्या हा तर निराळाच कारभार आहे. आपणांस काय येत नाही हे ओळखणे, हाही पारखीचाच भाग होय.

कुलूप जड फिरत असेल तर त्यात तेल घालण्याची आपणां सर्वांस सवय आहे; ती सोडावी. तेलात धूळ बसून पेस्ट होते. ग्राफाइटची कोरडी पूड थोडीशी घालावी. धावती गाडी बंद पडली तर घाबरून किल्ली काढू नये, कारण किल्ली काढताच स्टिअरिंग जखडू शकते. ब्रेक वारंवार न दाबता एकदाच दाबून धरावा; स्टिअरिंग जड होते पण वळते, हे ध्यानात ठेवून जोर लावावा. आमच्या चिरंजीवांनी केले ते एवढेच. त्या एवढ्यावर पाच माणसे घरी आली.

कायद्याचीही एक गोष्ट सभासदांनी जाणून घ्यावी. सन २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने कलम ११०-अ घातले असून, सदोष गाड्या परत बोलाविण्याचा आदेश कारखानदारास देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आहे. त्यातील आम्हांस सर्वांत आवडलेला भाग असा की, कारखानदाराने स्वतः होऊन आपल्या मालातील दोष सरकारला कळविला व गाड्या परत बोलाविल्या, तर त्यास त्या कलमाखालचा दंड होत नाही. दोष कबूल करणारास कायदाही सवलत देतो. आपल्या पेढीवर आपण गिऱ्हाइकास ‘या लाटेत दाणा बारीक आहे’ असे आधीच सांगतो, तेव्हा भावात चार पैसे जातात. परंतु ते गिऱ्हाईक पुढील वर्षी परत येते. कायद्याने जे २०१९ मध्ये लिहिले, ते आपल्या वाडवडिलांनी वहीत न लिहिता पाळले होते.

शेवटी एक व्यवहार्य सूचना. आपल्या असोसिएशनच्या कार्यालयात वजनमापांची तपासणी करण्यास सभासद येतात, वर्तमानपत्रे वाचतात, दर विचारतात. तेथेच एक मल्टीमीटर, एक टेस्ट लॅम्प आणि पान्यांचा एक संच ठेवावा. खर्च थोडा आहे. तो आम्ही आनंदाने देऊ. वर्षातून एका रविवारी सकाळी एखाद्या जाणत्या मिस्त्रीस सन्मानाने बोलावून, त्यास योग्य मानधन देऊन, सभासदांच्या मुलांना आणि मुलींना, विशेषतः ज्या सुना व लेकी आता सर्रास गाडी चालवितात त्यांना, बॅटरी, फ्यूज व किल्लीचा स्विच दाखवावा. मिस्त्रीची पोटापाण्याची कामे यामुळे कमी होणार नाहीत. उलट समजदार गिऱ्हाईक मिळेल, आणि झाकण्याचे काम सांगणारे गिऱ्हाईक कमी होईल. पुतण्यांनी पहिल्या वर्गास येण्याचे कबूल केले आहे.

आमच्या गाडीची किल्ली आता एकटीच असते. गुदामाच्या आणि तिजोरीच्या किल्ल्या निराळ्या कडीत गेल्या आहेत. जुना जळालेला स्विच आम्ही टाकून दिला नाही. तो पेढीवर तराजूशेजारी ठेवला आहे. आलेले गिऱ्हाईक विचारते, हे काय आहे? तेव्हा आम्ही ही हकीकत सांगतो, आणि सांगता सांगता त्या दिवशीच्या मालातील बारीक दाणाही दाखवितो.